मुदत संपल्याची तारीख

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली होती : रोग, औषधे आणि सरकारी नियम या तिहींपैकी काही नको; सभासदांना वर्षभर तेच ऐकावे लागते. ही अट मी यथाशक्ती पाळणार आहे. परंतु वैद्याने कशाविषयीही लिहावयास घेतले तरी त्याचा हात अखेर नाडीवरच जातो, हे संपादकांनाही ठाऊक आहे.

२०२५ च्या कोजागरीला, ६ ऑक्टोबरच्या रात्री, आपल्या मंडळाचे दूधपान एका सभासदाच्या गच्चीवर झाले. इंदूरच्या रिवाजाप्रमाणे दुधाआधी पोहे, शेव आणि राजकारण यांचा यथेच्छ समाचार घेऊन झाल्यावर गोष्ट निघाली ती संगणकाची. पुढच्याच आठवड्यात, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्ट ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीचा आधार काढून घेणार होती. एका ज्येष्ठ मित्राने ठामपणे सांगितले की त्या तारखेनंतर संगणक सुरूच होणार नाही. दुसऱ्याच्या मते हा सारा नवी यंत्रे खपविण्याचा डाव होता. एका तरुण अस्थितज्ज्ञाने ‘विंडोज ११’ मध्ये खालच्या पट्टीवरील चिन्हे डावीकडून मध्यभागी का आणली यावर पाच मिनिटे संताप व्यक्त केला. आणि ज्यांच्याकडे ॲपलचे संगणक आहेत ते, अशा प्रसंगी ते नेहमी हसतात तसे, मंद हसत राहिले. अर्धा तास चर्चा रंगली. त्या अर्ध्या तासात एकानेही असा प्रश्न विचारला नाही की आपापल्या दवाखान्यातील त्या संगणकांच्या पोटात आहे तरी काय, आणि त्याचे पुढे काय होणार.

तंत्रज्ञानाच्या वार्तांवर आपण ज्या तऱ्हेने गप्पा मारतो तिच्याविषयीच माझी तक्रार आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्या काय किंवा आपल्या बैठका काय, नव्या आवृत्तीचे रंग, कोपऱ्यांची गोलाई आणि कोणती कंपनी कोणत्या कंपनीला मात देणार, यातच त्या रमतात. साडीचोळीच्या दुकानात असे बोलणे शोभून दिसते. दवाखान्यातील संगणक हे मात्र वस्त्र नव्हे. ते आपले दप्तर आहे, आणि कित्येकदा यंत्राच्या रूपाने आपले उपकरणही आहे. त्याविषयी पहिला प्रश्न तोच असावयास हवा जो आपण कुपी हातात घेताच अभावितपणे विचारतो : हिची मुदत कधी संपते?

कोजागरीच्या त्या चर्चेतील दोन्ही टोके चुकीची होती, हे आधी सांगून टाकतो. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर कोणताही संगणक बंद पडला नाही, पडणारही नव्हता. आधार संपणे म्हणजे इतकेच की त्या प्रणालीत नवा दोष सापडल्यास त्याची दुरुस्ती यापुढे आपोआप येणार नाही. हे किरकोळ वाटते. पण त्यात एक मेख आहे. विंडोज १० आणि ११ यांचा बराचसा गाभा सामाईक आहे. नव्या प्रणालीतील दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध होते तेव्हा ती दुरुस्तीच चोराला सांगते की भिंत नेमकी कोठे पोकळ होती. नव्या घराची भिंत बुजविली गेली. जुन्या घराची तशीच राहिली, आणि आता तिचा पत्ता जगजाहीर झाला. म्हणून आधार संपलेली प्रणाली दर महिन्याला आदल्या महिन्यापेक्षा अधिक धोक्याची होत जाते, जरी ती स्वतः तसूभरही बदललेली नसते.

दुसरा आरोप, यंत्रे खपविण्याच्या डावाचा, सर्वस्वी खोटा म्हणवत नाही. विंडोज ११ साठी ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा-चकती आणि साधारणतः २०१७ च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीची धडधाकट यंत्रे त्यामुळे अपात्र ठरली. कॅनालिस या बाजार-अभ्यासक संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तविला होता की या एका निर्णयाने सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागतील. विशेष म्हणजे २०१५ मध्ये याच कंपनीच्या एका अधिकाऱ्याने जाहीर व्यासपीठावरून विंडोज १० ही ‘अखेरची’ आवृत्ती असल्याचे सांगितले होते, आणि ते वाक्य प्रमाण मानून आपल्यापैकी कित्येकांनी निश्चिंतपणे खरेद्या केल्या. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, विंडोज ११ अवतरली. कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची सवलत दिली. संस्थांना मात्र पहिल्या वर्षी दर यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढील दोन वर्षे दरवर्षी दुप्पट, असा दर लावला. दवाखाना घरगुती की व्यावसायिक, याचे उत्तर आपण आयकर भरताना देतोच.

आता माझी स्वतःची कथा. ती सांगावयास मी नऊ वर्षे टाळाटाळ केली.

२००३ साली मी माझ्या दवाखान्याचे दप्तर संगणकावर नेले. एका लहानशा संस्थेने केलेली आज्ञावली विकत घेतली. ती चालावी म्हणून संगणकाच्या मागे, छपाईयंत्राच्या खोबणीत, अंगठ्याएवढी एक किल्ली बसवावी लागे. तिला डोंगल म्हणत. नोंदी उत्तम होत असत. बोटाच्या टोकावर रुग्णाचा इतिहास उभा राही, आणि सभांमधून मी मित्रांना वह्या सोडून देण्याचा उपदेश करीत असे. पुढे ती संस्था केव्हा बंद झाली ते मला कळलेही नाही. आज्ञावली चालत होती, मग चौकशी कोण करतो? २०१६ च्या पावसाळ्यात संगणकाचा मदरबोर्ड जळला. आर.एन.टी. मार्गावरील दुकानातील मुलाने नवा संगणक पुढे ठेवला आणि मागची बाजू दाखवीत म्हटले, “सर, इसमें वो पोर्ट आता ही नहीं.” खोबणीची सोय झाली असती तरी उपयोग नव्हता. आज्ञावलीचा एक भाग जुन्या सोळा-बिटी धाटणीचा होता आणि नव्या चौसष्ट-बिटी विंडोजला ती भाषाच कळत नाही. तबकडी सुखरूप होती. तिच्यावर तेरा वर्षांच्या नोंदी होत्या. त्यांच्या मांडणीची आणि कुलपाची माहिती फक्त त्या नाहीशा झालेल्या संस्थेला होती.

दोन महिन्यांनी रामबागेतील एक काकू पायाला सूज आणि ताप घेऊन आल्या. पेशीदाह उघड होता. मी सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन लिहिणार तोच त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मागे एकदा कसल्याशा इंजेक्शनाने मी मरता मरता वाचले होते. नाव तुम्हीच कॉम्प्युटरात लिहून घेतले होते ना?” लिहून घेतले होते खरे. प्रसंगही आठवत होता : रात्रीची वेळ, घरघर, ॲड्रिनॅलिन, आणि दाराशी उभा त्यांचा मुलगा. औषधाचे नाव तेवढे आठवत नव्हते. मी वेगळ्या कुळातील औषध दिले, दोन दिवस त्यांना रुग्णालयात ठेवले आणि ते दोन दिवस फारसा झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी मुलाने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक घडी पडलेला कागद आणला. २००१ चा, म्हणजे संगणकाच्याही पूर्वीचा. त्यावर माझ्याच अक्षरात, लाल शाईने : सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, पुन्हा कधीही नको.

काकू बऱ्या होऊन घरी गेल्या. मला सर्वांत लाजविणारी गोष्ट ही की ती नोंद नष्ट झालेलीच नव्हती. २००३ मध्ये जुन्या कागदांवरून मीच ती संगणकात उतरविली होती, आणि ती माझ्या टेबलाच्या खणात, तबकडीवर, अक्षर न् अक्षर शाबूत पडली होती.

तेव्हापासून मी कोणत्याही आज्ञावलीचे गुण ऐकण्यापूर्वी एकच विचारतो : तुम्ही उद्या नसलात तर माझ्या नोंदी मी कशात उघडायच्या? विक्रेते याला ‘बॅकअप आहे’ असे उत्तर देतात. बॅकअप माझ्याकडेही होता. दर शनिवारी घेतलेला, तीन ठिकाणी ठेवलेला, आणि तिन्ही ठिकाणी तितकाच निरुपयोगी. हवी असते ती उघड्या, सर्वमान्य स्वरूपात नोंदी बाहेर काढण्याची सोय, जी मी स्वतः विक्रेत्याच्या मदतीविना चालवून पाहिली आहे. संपादकांची क्षमा मागून एक नियम सांगतो : २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागितल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. “डोंगल चालत नाही” हे त्यावर उत्तर होऊ शकत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने तर विदेच्या रक्षणात कुचराई केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे.

मोकळ्या मांडणीचा लाभ काय असतो याचे उदाहरण आपल्याच व्यवसायात आहे, आणि आपण त्याचे पुरेसे कौतुक करीत नाही. अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संस्था आणि यंत्रनिर्मात्यांची संघटना यांनी १९८५ मध्ये प्रतिमांच्या देवाणघेवाणीचे एक प्रमाण ठरविले. १९९३ मध्ये ते ‘डायकॉम’ या नावाने पक्व झाले. एकमेकांचे गळे कापणाऱ्या कंपन्यांनी मान्य केलेले हे प्रमाण. त्यामुळे त्या काळातील सी.टी.ची प्रतिमा आजही उघडते, यंत्र बनविणारी कंपनी बुडाली असली तरी. रुग्ण एखादी जुनी सी.डी. आणतो, तिच्यातील दर्शक-आज्ञावली नव्या विंडोजवर चालत नाही, आणि आपण ‘सी.डी. खराब आहे’ म्हणून त्याला पुन्हा तपासणीला धाडतो. बहुधा ती खराब नसते. दर्शक म्हातारा झालेला असतो. आतील डायकॉम प्रतिमा ताज्या असतात, आणि त्या उघडणारे दर्शक विनामूल्य मिळतात. दहा मिनिटांच्या खटपटीने रुग्णाचे काही हजार रुपये आणि थोडे किरण वाचतात.

उलट उदाहरणासाठी लांब जावयास नको. ही स्मरणिकाच पाहा. २००२ च्या अंकाच्या संगणकीय प्रती मंडळाच्या कपाटात आहेत. त्या उघडल्या तर रोमी अक्षरे आणि चिन्हे यांची रांगोळी दिसते. कारण त्या काळी देवनागरी टंक रोमी अक्षरांच्या जागी आपली वळणे बसवीत आणि तो विशिष्ट टंक नसेल तर मजकूर म्हणजे नुसती भुसभुस. पुढे युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचे घर दिले. विंडोजमध्ये ती अक्षरे दिसू लागली ती ‘मंगल’ या टंकातून, आणि तो घडविला र. कृ. जोशी या आपल्या मराठी सुलेखनकार-कवीने, हे कोजागरीच्या गच्चीवर कोणालाच ठाऊक नव्हते. कार्यप्रणालीच्या इतिहासातील हे आपले घरचे पान आहे.

आता यंत्रांकडे वळू, कारण खरा धोका तेथे आहे. १२ मे २०१७ या दिवशी ‘वॉनाक्राय’ नामक खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली आणि ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला तिने अक्षरशः लोळविले. ज्या छिद्रातून ती शिरली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने शोधून स्वतःपाशी दडवून ठेवले होते. तेथून ते हत्यार चोरीस गेले आणि एप्रिलमध्ये उघड्यावर आले. त्या देशाच्या नॅशनल ऑडिट ऑफिसचा ऑक्टोबर २०१७ चा अहवाल प्रत्येक रुग्णालय-चालकाने वाचावा असा आहे. इंग्लंडमधील २३६ पैकी सुमारे ८० ट्रस्टांचे काम विस्कळीत झाले, ५९५ जी.पी. दवाखाने बाधित झाले, पाच भागांतील आपत्कालीन विभागांना रुग्ण इतरत्र वळवावे लागले, आणि एकूण १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात असा अंदाज निघाला. मार्कस हचिन्स या बावीस वर्षांच्या ब्रिटिश तरुणाने त्या आज्ञावलीत दडलेला एक संकेतस्थळाचा पत्ता हेरला आणि दहा-अकरा डॉलरांत तो नोंदवून टाकला. तेवढ्याने तिचा प्रसार थांबला. दैव बलवत्तर म्हणावयाचे.

तेव्हा सर्वत्र ओरड झाली ती जुन्यापुराण्या ‘विंडोज एक्सपी’च्या नावाने. तिची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजीच संपली होती, म्हणून आरोप पटण्यासारखा होता. अहवालात निघाले ते निराळेच : बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य यंत्रांवर विंडोज ७ होती, म्हणजे तेव्हा पूर्ण आधार असलेली प्रणाली. तिची दुरुस्ती १४ मार्चलाच, दोन महिने आधी, प्रसिद्ध झाली होती. कोणी बसविली नव्हती. औषध कपाटात होते, रुग्ण खाटेवर होता, आणि दोहोंमधले चार पावलांचे अंतर कोणी चालले नाही. ज्यांना वाटते की नवी प्रणाली घेतली की आपण सुटलो, त्यांच्यासाठी ही गोष्ट मुद्दाम सांगितली. आपल्या देशातही २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर असेच कुलूपबंद झाले आणि देशाच्या अग्रगण्य रुग्णालयाला सुमारे पंधरवडाभर कागद-पेनावर कारभार हाकावा लागला.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठविलेली एक सदोष सुधारणा सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना एकाच दिवशी निळा पडदा दाखवून गेली. परदेशी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आपल्याकडे हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र मिळाले. येथे रोगाने नव्हे, लसीनेच घात केला. तरी लस सोडून द्यावी असे यातून निघत नाही. ती सर्वांना एकाच क्षणी टोचू नये, एवढे निघते. मोठ्या रुग्णालयाने सुधारणा आधी दोन-चार संगणकांवर बसवून, दोन दिवस पाहून, मग इतरत्र न्यावी.

सोनोग्राफी, सी.टी., प्रयोगशाळेतील विश्लेषक ही यंत्रे आत साधी विंडोजच चालवितात, हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. यंत्र बारा-पंधरा वर्षे चालते, आतील प्रणाली आठ-दहा वर्षांत निवृत्त होते, आणि मधली वर्षे रुग्ण अनाथ यंत्राखाली झोपतो. सुधारणेविषयी विचारले की विक्रेत्याचा माणूस गंभीर चेहऱ्याने सांगतो, “सर, हात लावू नका, मान्यता रद्द होईल.” हे ऐकून मीही पूर्वी गप्प बसत असे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र २०१६ च्या मार्गदर्शिकेतच स्पष्ट केले आहे की केवळ सुरक्षेसाठी केलेल्या दुरुस्तीला सहसा पुन्हा मान्यता घ्यावी लागत नाही. मार्च २०२३ पासून तर तेथे कायदाच झाला : जाळ्याला जोडता येणाऱ्या नव्या यंत्राच्या निर्मात्याने त्यातील सर्व आज्ञावलींची घटकसूची आणि पुढील दुरुस्त्यांची योजना मान्यतेच्या अर्जासोबतच द्यावयाची. त्याच कंपन्या तीच यंत्रे आपल्याला विकतात. म्हणजे घटकसूची तयार आहे. आपण मागत नाही, म्हणून ती येत नाही. मागितल्यास लाभही आहे. उदाहरणार्थ, यंत्रांसाठीची ‘विंडोज १० आय.ओ.टी. एंटरप्राइज एल.टी.एस.सी. २०२१’ ही आवृत्ती असेल तर तिचा आधार १३ जानेवारी २०३२ पर्यंत आहे आणि १४ ऑक्टोबरच्या बातमीने घाबरण्याचे कारण नाही. पडद्यावर दोन्ही विंडोज १० सारख्याच दिसतात. मुदत मात्र सहा वर्षांहून अधिक अंतराची.

राहता राहिले लिनक्स. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा गाभा आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र आहे. स्वागतकक्षातील अपात्र ठरलेल्या जुन्या संगणकावर मी तो बसविला आणि तो मुकाट्याने काम करतो आहे. परंतु लिनक्सवाल्या मित्रांचा उत्साह नवदीक्षित निसर्गोपचारकासारखा असतो. प्रत्येक व्याधीवर एकच काढा. सोनोग्राफी यंत्रावर आपण तो बसवू शकत नाही, आणि ज्यांचा देयक-हिशेब विंडोजच्याच आज्ञावलीत अडकला आहे त्यांनाही तो लगेच मानवणार नाही. चिठ्ठ्या छापणे, नोंद पाहणे, एवढेच काम असेल तर नवा संगणक घेण्याआधी त्याला एक संधी अवश्य द्यावी.

ज्या यंत्राची मुदत संपली पण जे टाकून देणे परवडत नाही, त्यासाठी माझ्या मेहुण्याने त्याच्या सोनोग्राफी कक्षात केले तेच मी सुचवीन : जाळ्याची तार काढून ठेवली, ‘वाय-फाय’ बंद केले, आणि प्रतिमा ने-आण करण्यासाठी वेगळी पेनड्राइव्ह ठेवून ती इतर कोठेही न लावण्याची ताकीद दिली. तारेचे टोक चिकटपट्टीने बांधून त्यावर कारण आणि तारीख लिहून ठेवली आहे, कारण नवा कर्मचारी आला की तो पहिल्याच दिवशी ती तार प्रेमाने पुन्हा जोडतो.

मंडळाच्या पुढील मासिक सभेत प्रत्येक सभासदाने आपल्या दवाखान्यातील संगणक व यंत्रे, त्यांतील प्रणालीचे पूर्ण नाव, तिच्या आधाराची अखेरची तारीख आणि रुग्णनोंदी बाहेर काढण्याची सोय, एवढे एका कागदावर लिहून आणावे, असे मी कार्यवाहांना सुचविले आणि त्यांनी ते मान्य केले आहे. माझा कागद तयार आहे. त्यावर ओळी सहा आहेत. त्यांपैकी दोन यंत्रांची तारीख मला विक्रेत्याकडून तीनदा पत्र पाठवूनही मिळालेली नाही. चौथे पत्र मी मंडळाच्या नावाने धाडावे म्हणतो.